चाळणारी बटणे, मोजणारी बटणे

कांद्याच्या बाजारभावाच्या तक्त्यात एका ओळीत सात गोष्टी असतात: तारीख, बाजार समिती, कांद्याची जात, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत. त्यांतल्या शंभर ठिकाणी वर्षातले तीनशे दिवस एकेक नोंद झाली, तरी वर्षअखेर तीस हजार ओळी जमतात. एवढा तक्ता अखंड वाचायचा कोणालाच नसतो. येवल्याच्या शेतकऱ्याला येवला, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत एवढेच पाहायचे असते. वाशीच्या व्यापाऱ्याला राज्यभराची आवक हवी असते, तर बातमीदाराला गेल्या दहा वर्षांतले फक्त सप्टेंबर महिने. तिघांसाठी तीन अहवाल करण्यापेक्षा एकच अहवाल करायचा आणि त्याच्या कडेला काही याद्या, टिकचौकटी, तारखांच्या पेट्या आणि सरकत्या पट्ट्या ठेवायच्या. ज्याने त्याने आपल्याला हवे ते निवडावे, की खालचा तक्ता, आलेख आणि बेरजा त्याप्रमाणे बदलतात. या साधनांना इनपुट कंट्रोल म्हणतात. एक्सेल आणि पॉवर बीआयमध्ये त्यांचे एक रूप स्लायसर या नावाने ओळखले जाते, आणि रोजच्या बोलण्यात सरसकट सगळ्यांनाच फिल्टर म्हटले जाते.

हा सरसकटपणा मात्र घोळाचा आहे. पडद्यावर शेजारी शेजारी बसलेली आणि दिसायला सारखी असलेली ही साधने मुळात दोन निरनिराळी कामे करतात. काही साधने चाळतात: जमलेल्या नोंदींतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या बाजूला सारायच्या, एवढेच ती ठरवतात. ‘जिल्हा: नाशिक’ निवडल्यावर एकही आकडा नव्याने जन्माला येत नाही. जे घडून गेले त्यातलाच एक भाग दिसतो. दुसरी साधने हिशेबात एखादा आकडा घालतात. ‘कांदाचाळीतील घट: ३० टक्के’ ही सरकपट्टी एकही नोंद लपवत नाही. ती एक गृहीत धरलेला आकडा सूत्राला पुरवते, आणि जे अजून घडलेले नाही त्याचा अंदाज समोर येतो. पहिल्या प्रकाराला फिल्टर आणि दुसऱ्याला पॅरामीटर असे म्हणण्याचा प्रघात आहे. टॅब्लो या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक अगदी उघडा पडतो. तिथे फिल्टर लावला की चित्र लगेच बदलते, पण पॅरामीटर नुसता बनवून ठेवला तर काहीच घडत नाही. एखाद्या सूत्राने त्याला विचारले, तरच तो कामाला येतो.

या दोन्ही कल्पनांचा उगमही वेगवेगळा आहे, आणि सामान्य माणसाच्या हाती मोजणारे साधन आधी आले. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांच्यासमोर फळ्यावर आकड्यांचे तक्ते मांडले जात. एक आकडा चुकला किंवा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलणारा फळा असावा, या कल्पनेतून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह व्हिजिकॅल्क तयार केले. १९७९ मध्ये ते अ‍ॅपल-२ संगणकासाठी बाजारात आले. त्याच्या पडद्यावर सरकपट्टी नव्हती, बटणही नव्हते. पण एका चौकोनात व्याजदर लिहायचा आणि दुसऱ्या चौकोनात हप्ता बदललेला पाहायचा, हा खेळ तिथेच सुरू झाला. पुढे १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने आणि नंतर एक्सेलने तो घरोघरी नेला. आजचा पॅरामीटर म्हणजे त्या चौकोनावर चढवलेली मूठ आहे.

चाळणीची गोष्ट डेटाबेसपासून सुरू होते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याचा सिद्धान्त मांडला, आणि काही वर्षांतच आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा बनवली. तीच आजची एसक्यूएल. तिच्यात अट घालण्यासाठी ‘व्हेअर’ हा शब्द वापरतात, आणि आज ड्रॉपडाउनमधून ‘नाशिक’ निवडले की अनेक ठिकाणी पडद्यामागे हाच शब्द लिहिला जातो. अडचण अशी होती, की ही भाषा येणारा माणूस वेगळा आणि उत्तर हवे असलेला माणूस वेगळा. मधल्या माणसाकडे प्रश्न द्यायचा, त्याने तो चालवायचा, उत्तर पाहिल्यावर पुढचा प्रश्न सुचायचा आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे, असा कारभार चाले.

ही रांग मोडली ती अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात. बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये घर शोधण्यासाठी एक नमुना तयार केला. वॉशिंग्टन शहराचा नकाशा, त्यावर विकाऊ घरांचे ठिपके आणि बाजूला किंमत, खोल्यांची संख्या, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर यांच्या सरकपट्ट्या. पट्टी सरकवता सरकवताच ठिपके नाहीसे होत आणि परत उगवत. कुठेही ‘शोधा’ असे बटण दाबायचे नव्हते. कागदी यादी आणि शब्दांत टाइप करून विचारायचा प्रश्न यांच्याशी तुलना केली, तेव्हा अवघड शोधांमध्ये हीच पद्धत सरस ठरली. दोन वर्षांनी क्रिस्टोफर आल्बर्ग यांनी श्नायडरमन यांच्यासोबत चित्रपट शोधण्याचा असाच नमुना केला. पुढे आल्बर्ग यांनी याच कल्पनेवर स्पॉटफायर ही कंपनी काढली, आणि २००७ मध्ये टिब्को कंपनीने ती विकत घेतली. सामान्य कचेरीपर्यंत हे पोहोचायला आणखी वेळ लागला. एक्सेलमध्ये नोंदींचा सारांश मांडणारे पिव्होट टेबल १९९३ मध्ये आले, पण रंगीत बटणांचा स्लायसर २०१० च्या आवृत्तीत. तारखांची टाइमलाइन आणि साध्या तक्त्यांसाठी स्लायसर मिळायला २०१३ ची आवृत्ती यावी लागली.

श्नायडरमन यांच्या प्रयोगातली खरी गंमत वेगात होती. साधारण दशांश सेकंदाच्या आत पडदा बदलला, तर माणसाला आपणच ठिपके हलवत आहोत असे वाटते. तीन सेकंद लागले तर तो वाट पाहतो, आणि दहा सेकंद लागले तर चहाला जातो. अनेक सरकारी संकेतस्थळांवर अजूनही राज्य, जिल्हा, बाजार, तारीख असे सगळे निवडून शेवटी एक बटण दाबावे लागते. तो फॉर्म आहे, श्नायडरमन यांच्या अर्थाने संवादी अहवाल नव्हे. उत्तर तेच येते, पण ‘आणखी थोडे इकडे सरकवून पाहू’ ही उत्सुकता वाटेतच मरते.

यादी, चौकट, पट्टी

कोणत्या कामाला कोणते साधन, हे फारसे गूढ नाही. दोन-चार पर्यायांतला एकच निवडायचा असेल, तर गोल रेडिओ बटणे. हे नाव जुन्या रेडिओवरून आले. त्यावर ठरावीक स्टेशनांची बटणे असत आणि एक दाबले की आधीचे दाबलेले वर उडी मारून येई. एकाहून अधिक पर्याय एकाच वेळी चालत असतील, तर चौकोनी टिकचौकटी. पर्याय पन्नासच्या घरात गेले, तर शोधपेटी असलेली यादी. मुदतीसाठी दोन टोकांची सरकपट्टी किंवा दिनदर्शिका. ज्याला नेमका आकडा ठाऊक आहे त्याच्यासाठी साधी लिहायची पेटी. सरकपट्टीने ८.६५ टक्के गाठायचा प्रयत्न करणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखे आहे, मोबाइलवर तर विशेष. म्हणून चांगल्या अहवालात पट्टी आणि पेटी दोन्ही शेजारी असतात.

एक्सेलच्या जुन्या सरकपट्टीचा एक स्वभाव हौशी लोकांना हमखास अडवतो. ती डेव्हलपर नावाच्या टॅबमध्ये असते, आणि हा टॅब मुळात लपवलेला असतो. शिवाय ती फक्त पूर्णांक देते, तेही शून्य ते ३०,००० याच मर्यादेत. साडेआठ टक्के व्याजदर हवा असेल तर पट्टीकडून ८५० घ्यायचे आणि शेजारच्या चौकोनात त्याला १०० ने भागायचे, ही युक्ती जाणकारांमध्ये जुनी आहे.

एकमेकांवर अवलंबून असलेल्या याद्यांकडे मात्र थांबून पाहायला हवे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. सगळे तालुके एकाच यादीत दिले तर बोट दुखेपर्यंत खाली जावे लागते. म्हणून आधी जिल्हा, मग त्या जिल्ह्यातलेच तालुके, मग त्या तालुक्यातल्याच बाजार समित्या, अशी उतरंड लावतात. तिचा ठरलेला घोळ असा: कोणी नाशिक आणि निफाड निवडून लासलगाव पाहतो, आणि मग फक्त जिल्हा बदलून सोलापूर करतो. खालची निवड तशीच राहिली असेल, तर सोलापूर जिल्ह्यातले लासलगाव शोधले जाते आणि रिकामा तक्ता येतो. वाचणाऱ्याला वाटते, सोलापुरात आज कांदा आलाच नाही. वरची निवड बदलली की खालच्या निवडी पुसायच्या, एवढी काळजी अहवाल करणाऱ्याने घ्यायची असते.

दुसरा घोळ भाषेचा आहे. ‘लासलगाव आणि पिंपळगावचा उन्हाळ कांदा दाखव’ असे मराठीत सहज म्हटले जाते. संगणकाच्या तर्काने त्यातले ‘आणि’ चुकीचे आहे. कोणतीही एक नोंद एकाच वेळी दोन बाजारांची असू शकत नाही. हवे असते ते ‘लासलगाव किंवा पिंपळगाव’, आणि त्यासोबत ‘उन्हाळ’. बहुतेक साधने हे मुकाट्याने निस्तरतात. एकाच यादीतल्या टिका ‘किंवा’ने जोडल्या जातात, दोन वेगळ्या याद्या ‘आणि’ने. कशावरच टिक नसेल तर काय, याचे उत्तरही सरळ बुद्धीला उलटे वाटणारे आहे. स्लायसरवर एकही निवड नसणे म्हणजे ‘काही नको’ असे नसून ‘सगळे हवे’ असे असते.

आणि चाळणी कितीही बारीक असली, तरी धान्य आधी निवडलेले लागते. राज्य कृषी पणन मंडळाच्या दरपत्रकात ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ अशा वेगळ्या नोंदी दिसतात, कारण निफाड आणि विंचूर हे उपबाजार आहेत. नुसत्या ‘लासलगाव’वर टिक केली, तर या दोन ठिकाणची आवक गळते. निवडणाऱ्याला ती हवी होती की नको, हे त्याने ठरवायचे. पण ती गळली आहे, हे त्याला कळले तरी पाहिजे. ज्या नोंदींत जातीचा रकाना कोरा आहे त्यांचेही तसेच. ‘लाल’ आणि ‘उन्हाळ’ या दोनच चौकटी ठेवल्या, तर कोऱ्या ओळी कोणत्याही चौकटीच्या हाती लागत नाहीत. यादीत ‘नोंद नाही’ अशी तिसरी चौकट असणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, आणि नेमकी तीच चौकट देखणेपणासाठी सर्वांत आधी काढून टाकली जाते.

बेरीज कशाची?

चाळल्यानंतर बेरीज करायची, की बेरीज करून मग चाळायचे? प्रश्न वाटतो किरकोळ, पण अहवालांतल्या निम्म्या भांडणांचे मूळ इथे आहे.

एक्सेलमध्ये एका रकान्याखाली ‘सम’ हे सूत्र लिहिले आणि वरच्या बाणातून फक्त लासलगाव निवडले, तर बाकीच्या ओळी दिसेनाशा होतात, पण बेरीज तसूभर हलत नाही. ‘सम’ला लपलेल्या ओळी दिसतात. दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल, तर ‘सबटोटल’ हे सूत्र ९ या क्रमांकासह वापरावे लागते. त्यातही मेख आहे. ९ क्रमांक फिल्टरने लपवलेल्या ओळी वगळतो, पण हाताने लपवलेल्या ओळी धरतो. त्याही वगळायच्या असतील तर १०९ लिहायचे. वर लासलगावचा तक्ता आणि खाली साऱ्या जिल्ह्याची बेरीज असा कागद एखाद्या बैठकीत फिरला, की आकडे फुगवल्याचा आरोप होतो. चूक एका सूत्राची असते.

टक्केवारीत हा प्रश्न उलटा होऊन येतो. राज्याच्या एकूण कांदा आवकेत नाशिक जिल्ह्याचा वाटा किती, असा रकाना अहवालात आहे आणि कोणी फिल्टरमध्ये नाशिक निवडले, तर वाटा १०० टक्के दिसतो. हिशेब बरोबर असतो, भाजक बदललेला असतो. चाळणीने बाकीचे जिल्हे काढल्यावर ‘एकूण’ म्हणजे नाशिकच उरते. इथे भाजकाला चाळणीपासून वाचवावे लागते, म्हणजे अंश चाळलेला आणि छेद न चाळलेला ठेवायचा. प्रत्येक सॉफ्टवेअरने यासाठी आपापला मार्ग दिला आहे. एसएपीच्या वेब इंटेलिजन्समध्ये ‘नोफिल्टर’ हे सूत्र आहे. पॉवर बीआयच्या डॅक्स भाषेत ‘कॅल्क्युलेट’च्या आत ‘ऑल’ लिहितात, आणि टॅब्लोमध्ये ‘फिक्स्ड’ प्रकारची सूत्रे आहेत. नावे निराळी, पण म्हणणे एकच: या आकड्याला बटणांचा स्पर्श होऊ देऊ नका.

सगळ्यांत लबाड आकडा सरासरीचा. समजा, एका मोठ्या बाजारात १०,००० क्विंटल कांदा १,४०० रुपये दराने गेला आणि एका छोट्या बाजारात ५०० क्विंटल २,००० रुपयांनी. दोन्ही बाजार निवडल्यावर अहवाल ‘सरासरी दर १,७००’ असे दाखवत असेल, तर त्याने दोन दरांची बेरीज करून दोनाने भागले आहे. प्रत्यक्षात १०,५०० क्विंटलचे दीड कोटी रुपये झाले, म्हणजे क्विंटलला सुमारे १,४२९. शेतकऱ्यांच्या हाती पडलेला सरासरी दर हा आहे, १,७०० नव्हे. एकच बाजार निवडलेला असेपर्यंत ही चूक दिसत नाही, कारण तेव्हा दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते. दुसरी टिक पडली की ती जागी होते. म्हणून संवादी अहवालात गुणोत्तरे आणि सरासऱ्या आधी काढून साठवायच्या नसतात. अंश आणि छेद वेगळे साठवायचे आणि निवड झाल्यावर भागायचे. एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे काम केलेली माणसेही इथे घसरतात, कारण न हलणाऱ्या कागदावर आधी भागले काय आणि नंतर भागले काय, फरक सहसा समोर येत नसे.

अहवाल चाळतो तो कुठे, हेही पाहावे लागते. वेब इंटेलिजन्ससारख्या साधनांत प्रॉम्प्ट आणि इनपुट कंट्रोल अशा दोन पायऱ्या असतात. प्रॉम्प्ट डेटाबेसकडून माहिती आणण्याआधीच विचारतो, ‘कोणते वर्ष?’ इनपुट कंट्रोल आणलेल्या माहितीतच चाळतो. प्रॉम्प्टला एक वर्ष सांगितले असेल, तर नंतर कंट्रोलमध्ये त्याआधीचे वर्ष शोधून सापडणार नाही. ते विहिरीतून वर आलेलेच नसते. प्रॉम्प्ट संथ असतो, पण त्याचा आवाका मोठा. कंट्रोल चपळ, पण घागरीपुरता. कोट्यवधी ओळींच्या माहितीवर दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

घट ३० टक्के धरली तर

आता मोजणारी बटणे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चांगल्या भावाच्या आशेने चाळीत ठेवला जातो. चाळीत त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात. आज १,२०० रुपये क्विंटल भाव आहे असे धरू. आता विकावा की थांबावे? थांबायचे तर नंतर किती भाव मिळाला म्हणजे निदान आजच्याइतके पैसे होतील? सूत्र सोपे आहे: आजचा भाव भागिले उरणारा हिस्सा. घट १० टक्के असेल, तर १,३३३ रुपये हवेत. २० टक्क्यांना १,५००, ३० टक्क्यांना १,७१४, ४० टक्क्यांना २,००० आणि निम्मा माल गेला तर २,४००.

कागदावर हे पाच आकडे वाचून डोळा पुढे जातो. पट्टीवर बोट ठेवून सरकवले, की दुसरेच काही जाणवते. घटीची पहिली दहा टक्क्यांची पायरी १३३ रुपयांची, ४० वरून ५० ची पायरी मात्र ४०० रुपयांची. पट्टी सारख्या वेगाने सरकते, आकडा मात्र शेवटी उसळतो. वक्र आलेख न वाचताही हा वक्र हाताला कळतो, आणि मोजणाऱ्या बटणाचे खरे बळ यातच आहे. त्याच पडद्यावर वाहतूक, हमाली, तोलाई आणि बारदानाच्या खर्चाच्या पेट्या जोडल्या, की एका शेतकऱ्याच्या निर्णयापुरते साधन तयार होते. त्याला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही, फोनमधली साधी शीटही पुरते.

गृहकर्जाचा हिशेब याच जातीचा. ३० लाख रुपये, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. मुदतीची पट्टी १५ वर्षांवर आणली की हप्ता २९,५४२ होतो, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन हजार जास्त. पण एकूण व्याज साडेबत्तीस लाखांवरून सुमारे २३ लाख १८ हजारांवर उतरते. हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि एकूण व्याज बारीक अक्षरांत दाखवणारे कॅल्क्युलेटर खोटे बोलत नाहीत, पण लक्ष कुठे वळवायचे ते त्यांना बरोबर ठाऊक असते.

पट्टी सुरुवातीला कुठे उभी आहे, हाही एक सल्लाच असतो. म्युच्युअल फंडातल्या मासिक गुंतवणुकीचे अनेक कॅल्क्युलेटर उघडताच परताव्याची पट्टी १२ टक्क्यांवर असते. महिन्याला १०,००० रुपये, २० वर्षे: उत्तर जवळपास एक कोटी. पट्टी आठवर आणली तर ५९ लाखांच्या आसपास. वाचणारा पट्टी हलवू शकतो हे खरे, पण बहुतेक जण हलवत नाहीत. पट्टीची किमान आणि कमाल टोके, तिच्या पायऱ्या आणि तिची सुरुवातीची जागा हे चारही आकडे अहवाल करणाऱ्याचे असतात. घटीची पट्टी २५ टक्क्यांवरच संपत असेल, तर ४० टक्के सडलेल्या वर्षाचा विचार त्या अहवालात करताच येत नाही.

उलटी वाटही आहे. अमुक नफा हवा तर भाव किती मिळायला हवा, असा प्रश्न असेल तर पट्टी सरकवत बसण्यापेक्षा एक्सेलमधले ‘गोल सीक’ थेट उत्तर देते.

काय लपले, काय उघडे पडले

चाळणारे बटण निवडणाऱ्याच्या हाती सोयीस्कर गोष्ट सांगण्याची ताकद देते, आणि तारखांची पट्टी त्यात पहिली. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भाव कोसळले. आलेख १ डिसेंबरपासून सुरू केला तर ही घसरण दिसते. १५ डिसेंबरपासून सुरू केला तर कोसळलेली पातळीच नेहमीची वाटू लागते. दोन्ही आलेखांतला प्रत्येक ठिपका खरा असतो. मुदत निवडायची मोकळीक देणाऱ्या अहवालाने त्या मुदतीच्या मागेपुढे काय होते, ते फिकट रंगात तरी दाखवावे, ही पद्धत म्हणूनच चांगली मानली जाते.

लपवणे म्हणजे काढून टाकणे नव्हे, हे कचेऱ्यांमध्ये फार उशिरा लक्षात येते. एका विभागाच्या पगाराची शीट फिल्टर लावून ईमेलने पाठवली, तर बाकीच्या विभागांचे पगारही तिच्यासोबत जातात. समोरच्याने फिल्टर काढायचाच अवकाश. पिव्होट टेबलही आपल्यामागे मूळ नोंदींची एक प्रत बाळगून असते. दुसऱ्याला फक्त एक भाग द्यायचा असेल, तर तेवढा भाग नव्या फाइलमध्ये उतरवून द्यावा लागतो.

याच्या उलट धोका बारीक चाळण्याचा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने संशोधनासाठी दिलेल्या रुग्णालयीन नोंदींत नावे नव्हती. पण पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग होते. संशोधक लटान्या स्वीनी यांनी मतदारयादीशी ताळा घालून त्यातून गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. या तीन गोष्टींच्या जोरावर अमेरिकेतली ८७ टक्के लोकसंख्या एकेकटी ओळखता येण्याजोगी आहे, असा त्यांचा अंदाज होता. तीन ड्रॉपडाउन म्हणजे तीन चाळण्या. गावाच्या पातळीवरच्या आरोग्य अहवालात गाव, वयोगट आणि आजार निवडल्यावर उत्तर ‘१’ आले, तर गावातल्या लोकांना नाव वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून जबाबदार अहवालांत एका ठरावीक संख्येखालचे आकडे दाखवले जात नाहीत, त्या जागी ‘५ पेक्षा कमी’ असे काही लिहिले जाते.

राहिला प्रश्न कागदाचा. संवादी अहवाल शेवटी कुठे तरी छापला जातो, पीडीएफ होतो किंवा त्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पडते, आणि तिथे बटणे मुकी होतात. आलेख पुढे जातो, निवड मागे राहते. आलेखाच्या खालीच निवडींची एक ओळ आपोआप उमटेल अशी सोय केली, तर हे टळते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते दोन-तीन सूत्रांचे काम आहे. त्या ओळीत चाळलेले आणि गृहीत धरलेले वेगळे लिहायचे: ‘निवड: लासलगाव (निफाड, विंचूरसह), उन्हाळ कांदा, १ जून ते ३१ ऑगस्ट. गृहीत: घट ३० टक्के, आजचा भाव १,२०० रुपये. सरासरी आवकेच्या वजनाने काढलेली. जातीची नोंद नसलेल्या ओळी वगळल्या आहेत.’